शेवटचा शब्द कुणाचा?

आपल्याकडे प्रोड्यूसर म्हटलं, की सिनेमात पैसा घालणारा निर्माता डोळ्यांपुढे येतो. रॉक संगीतातला प्रोड्यूसर वेगळा. कुठला टेक ठेवायचा, गिटार किती पुढे आणायची, गाणं कुठे संपवायचं, हे तो ठरवतो. मला तो उर्दू शायरीतल्या उस्तादासारखा वाटतो. उस्ताद शागिर्दाच्या गझलेवर इस्लाह करतो. एखादा शब्द बदलून शेर उभा करतो. पण समोरासमोर दोन्ही उस्तादच असले तर? न्यूयॉर्कच्या 'व्हेल्व्हेट अंडरग्राउंड' या बँडचं तेच झालं.

लू रीड आणि जॉन केल हे त्याचे दोन खांब. दोघांचा जन्म मार्च १९४२चा, आठवड्याच्या अंतराने. रीड ब्रुकलिनचा, केल वेल्सचा. रीड गाणी लिही. केल व्हायोलिनच्या थोरल्या बहिणीवर, व्हायोलावर, तंबोऱ्यासारखा एकच स्वर गाण्याखाली धरून ठेवी. १९६७च्या पहिल्या रेकॉर्डवर प्रोड्यूसर म्हणून चित्रकार अँडी वॉरहॉलचं नाव आहे. स्टुडिओचं तंत्र त्याला येत नव्हतं, पण त्याच्या नावाच्या दबदब्यामुळे त्या खरखरीत गाण्यांना कुणी गुळगुळीत केलं नाही. १९६८ मध्ये रीडने केलला बँडबाहेर काढलं. पुढे केल स्वतः नामवंत प्रोड्यूसर झाला. पॅटी स्मिथचा 'हॉर्सेस' हा १९७५चा अल्बम त्याच्याच देखरेखीखाली झाला.

१९८७ मध्ये वॉरहॉल वारला आणि हे दोघे पुन्हा जवळ आले. त्याच्या आठवणीत त्यांनी 'साँग्ज फॉर ड्रेला' केलं. १९९३ मध्ये गिटारवादक स्टर्लिंग मॉरिसन आणि ड्रमर मो टकर यांच्यासह चौघांनी युरोपचा दौरा केला. पुढे अमेरिकेचा दौरा आणि एमटीव्हीच्या 'अनप्लग्ड' कार्यक्रमाचं ध्वनिमुद्रण ठरत होतं. रीडने अट घातली : प्रोड्यूसर मीच. केलला ती मान्य नव्हती. दौरा बारगळला, ध्वनिमुद्रणही.

भांडण दोघांचं, पण संधी चौघांची गेली. मॉरिसन पूर्वी संगीत सोडून मध्ययुगीन साहित्याचा डॉक्टरेट झाला होता, ह्यूस्टन बंदरात टगबोटीचा कप्तानही होता. इतक्या वर्षांनी तो परतला होता. ३० ऑगस्ट १९९५ रोजी कर्करोगाने तो गेला. जानेवारी १९९६ मध्ये बँडचा मोठा सन्मान झाला, तेव्हा उरलेल्या तिघांनी त्याच्यासाठी एक नवं गाणं म्हटलं. २०१३ मध्ये रीडही गेला.

कवितेतला एक शब्द दुसऱ्याने बदलला तर किती झोंबतं, हे मी जाणतो. म्हणून मी दोघांनाही दोष देणार नाही. पण १९९३च्या पॅरिसमधल्या मैफलीचा अल्बम आजही ऐकता येतो. त्यात जवळजवळ सगळी जुनीच गाणी आहेत. चौघांनी मिळून नवी केली असती, ती मात्र कुणालाच ऐकायला मिळाली नाहीत.