नाताळची हंडी : सणासुदीच्या दानाचा एक इतिहास

अमेरिकेत नोव्हेंबरमधील आभारदिनापासून नाताळपर्यंतचा काळ कृतज्ञतेचा आणि दानाचा मानला जातो. यादवी युद्ध चालू असताना, १८६३ मध्ये, राष्ट्राध्यक्ष अब्राहम लिंकन यांनी नोव्हेंबरचा अखेरचा गुरुवार देशभर आभारदिन म्हणून पाळावा, असा जाहीरनामा काढला आणि ईश्वराचे आभार मानताना युद्धाने विधवा व पोरके केलेल्यांसाठीही प्रार्थना करावी, असे त्यात आवर्जून सांगितले. कृतज्ञता आणि गरजूंची आठवण यांची जी सांगड त्या जाहीरनाम्यात घातली गेली, तिला शहरांच्या रस्त्यांवर दृश्य रूप देण्याचे काम पुढे प्रामुख्याने मुक्तिफौजेने केले.

मुक्तिफौज म्हणजे विल्यम आणि कॅथरीन बूथ या दांपत्याने १८६५ मध्ये लंडनच्या पूर्व भागातील दरिद्री वस्तीत सुरू केलेली ख्रिस्ती सेवासंस्था. १८७८ मध्ये तिने हे नाव धारण केले, लष्करी धर्तीवर हुद्दे आणि गणवेश स्वीकारले, आणि १८८० मध्ये अमेरिकेत अधिकृतपणे कार्य सुरू केले. १८९१ च्या डिसेंबरात सॅन फ्रान्सिस्को येथील तिचे कॅप्टन जोसेफ मॅकफी यांनी शहरातील सुमारे एक हजार गरिबांना नाताळचे जेवण देण्याचे ठरवले, पण त्यासाठी लागणारा पैसा हाताशी नव्हता. पूर्वी खलाशी असताना इंग्लंडमधील लिव्हरपूलच्या धक्क्यावर येणारे-जाणारे लोक गरिबांसाठी एका मोठ्या भांड्यात नाणी टाकत असल्याचे त्यांनी पाहिले होते. त्याच धर्तीवर त्यांनी ओकलंडच्या बोटी जेथे लागत त्या धक्क्याजवळ तिकाटण्याला एक हंडी टांगली आणि ‘हंडी उकळती ठेवा’ अशा अर्थाचा फलक लावला. उतारूंनी टाकलेल्या नाण्यांतून ते जेवण पार पडले.

ही रीत काही वर्षांतच पश्चिम किनाऱ्यावर पसरली. १८९७ मध्ये विल्यम मॅकिंटायर यांनी ती पूर्वेकडील बॉस्टन शहरात नेली, तेव्हा भर रस्त्यात आपले हसे होईल या भीतीने सहकारी अधिकारी मागे सरले आणि मॅकिंटायर, त्यांची पत्नी व बहीण यांनी तीन हंड्या स्वतःच मांडल्या. त्या वर्षी देशभरच्या हंड्यांतून दीड लाख गरजूंच्या जेवणाची सोय झाल्याची नोंद मुक्तिफौजेच्या इतिहासात आहे.

या काळात अमेरिकेतील मुक्तिफौजेची सूत्रे फ्रेडरिक बूथ-टकर यांच्याकडे होती आणि त्यांचे नाव मुंबईच्या इतिहासाशी जोडलेले आहे. ब्रिटिश सरकारची सनदी नोकरी सोडून त्यांनी १८८२ च्या सप्टेंबरात मुंबईत मुक्तिफौजेचे भारतातील कार्य सुरू केले होते आणि देशी पोशाख करून ‘फकीर सिंग’ हे नाव घेतले होते. न्यूयॉर्कमध्ये त्यांच्याच कारकिर्दीत मॅडिसन स्क्वेअर गार्डन या भव्य सभागृहात हजारो गरिबांच्या नाताळच्या पंगती बसू लागल्या. अन्नदान म्हणून हा उपक्रम मोठा होता, तरी त्यात एक उणीव होती. कारण सुखवस्तू नागरिक सज्जांतून या पंगती पाहण्यासाठी येत, आणि जेवणाऱ्याचे दारिद्र्य चारचौघांत उघडे पडे. कुटुंबाने घरी शिजवून खावे म्हणून शिध्याच्या टोपल्या देण्याचा मार्गही त्याच सुमारास रूढ होत होता. पुढे प्रचंड पंगती मागे पडून किराणा खरेदीसाठी धनादेश देण्याची पद्धत आली, त्यामुळे काय आणायचे आणि काय रांधायचे हे त्या घरातील माणसेच ठरवू लागली.

पंगतीपासून किराण्याच्या धनादेशापर्यंतचा हा प्रवास केवळ व्यवस्थेतील सुधारणा नव्हे, तर दानामागील दृष्टीत झालेला बदल आहे. पंगतीत गरजू माणूस दात्याचा पाहुणा असतो, तर शिधा घरी पोहोचला की तो स्वतःच्या घरातील सणाचा यजमान होतो. आपल्याला मिळालेल्या सुखाबद्दलची कृतज्ञता खरी असेल, तर तिने घेणाऱ्याच्या घराचा मानही राखला पाहिजे. सणासुदीच्या कोणत्याही मदतीची, मग ती नाताळातील असो वा दिवाळीतील, पारख याच कसोटीवर व्हावी.