वॉटर्लू आणि पानिपत

पाचवीत ए बी सी डी गिरवू लागलेल्या आपल्या मराठी माध्यमाच्या बॅचला इंग्रजी वाक्प्रचारांची भारी धास्ती असे. शब्दकोशात एकेक शब्द सापडे. अर्थ मात्र हाती लागत नसे. आपल्या इंग्रजीच्या सरांनी ही धास्ती घालवली ती इतिहासाच्या आधाराने.

‘ही मेट हिज वॉटर्लू’ म्हणजे तो वॉटर्लूला भेटला, असे नव्हे. आजच्या बेल्जियममधील त्या गावाजवळ १८ जून १८१५ रोजी नेपोलियनचा अखेरचा पराभव झाला. १४ जानेवारी १७६१ च्या लढाईवरून आपण ‘पानिपत झाले’ म्हणतो, तसेच हे. पण सर फरकही दाखवत. पानिपत कुणाचेही होते; वॉटर्लू गाठते ते बहुधा आजवर जिंकत आलेल्याला. म्हणून आधीची वाक्ये वाचायची.

‘रीड द रायट अ‍ॅक्ट’चे तेच. ब्रिटनमध्ये १७१५ पासून अमलात आलेल्या त्या कायद्यानुसार बारा किंवा अधिक जणांच्या दंगेखोर जमावापुढे अधिकारी जाहीरनामा वाचून दाखवी. तासाभरात न पांगणाऱ्यांना देहदंडाची तरतूद होती. कायदा गेला, शब्द राहिले. आज मुख्याध्यापकांनी तो ‘वाचला’ असे कुणी लिहिले, तर त्यांच्या हातात कागद नसतो; मुलांना सक्त ताकीद मिळालेली असते.

पुढे नोकरीत अनोळखी वाक्प्रचार कानी पडला की मी मागचे-पुढचे नीट ऐकत असे. अर्थ बहुधा उलगडे. इंग्रजीपायी कॉलेज सोडायला निघालेले आपल्यातले काहीजण टिकले, त्यात सरांच्या या तासांचा वाटा मोठा आहे.