मूत्रल औषधांचा इतिहास: पाणी, मीठ आणि पोटॅशियम

१/ व्हिएन्ना, १९१९. उपदंशाच्या एका रुग्णाला पाऱ्याची इंजेक्शने दिली जात होती. आल्फ्रेड फोग्ल या वैद्यकाच्या विद्यार्थ्याला नोंदींच्या तक्त्यात एक विलक्षण गोष्ट आढळली: इंजेक्शन दिले की लघवी कित्येक पटींनी वाढत होती. हृदयविकारामुळे अंगावर सूज चढलेल्या रुग्णांना पुढील काही दशके या विषारी धातूचाच आधार राहिला.

२/ हे घडते कसे? मूत्रपिंडे दिवसाकाठी सुमारे १८० लिटर द्रव गाळतात. लघवी होते साधारण दीड लिटर. बाकीचा द्रव रक्तात परततो, कारण सोडियम परत शोषले जाते आणि पाणी त्याच्या मागोमाग जाते. बहुतेक मूत्रल औषधे सोडियमची ही परतीची वाट अडवतात.

३/ १९४९ मध्ये बोस्टनच्या विल्यम श्वार्ट्झ यांनी सल्फानिलामाइड हे जंतुसंसर्गावरील औषध सूज असलेल्या हृदयरुग्णांना दिले. सोडियम बाहेर पडले, सूज उतरली. परंतु दीर्घकाळ देण्यास ते औषध घातक होते.

४/ त्याच रसायनकुळातून मर्क कंपनीच्या कार्ल बायर, जेम्स स्प्रेग, फ्रेडरिक नोव्हेलो आणि जॉन बेअर यांनी क्लोरोथायझाइड घडवले. १९५८ मध्ये ते बाजारात आले. इंजेक्शनची जागा साध्या गोळीने घेतली आणि उच्च रक्तदाबावरही उपाय सापडला.

५/ मात्र या गोळीची किंमत होती. अडवलेले सोडियम मूत्रनलिकेच्या शेवटच्या भागात पोहोचते. तेथे अल्डोस्टेरॉन या संप्रेरकाच्या प्रभावाने थोडे सोडियम परत घेतले जाते आणि त्याच्या बदल्यात पोटॅशियम लघवीत सोडले जाते. रक्तातील पोटॅशियमची मर्यादा अरुंद असते: लिटरमागे साधारण ३.५ ते ५ मिलिमोल. ते घसरले की स्नायू दुर्बल होतात, हृदयाची लय बिघडते.

६/ येथे दोन शतकांची गाठ पडते. विल्यम विदरिंग यांनी १७८५ मध्ये सुजेवरील उपचार म्हणून फॉक्सग्लव्ह या वनस्पतीवर ग्रंथ लिहिला. तिच्यापासून मिळणारे डिजिटॅलिस १९५८ नंतरही हृदयरुग्णांना नव्या गोळीच्या जोडीने दिले जात होते. पेशीपटलावरील ज्या पंपाला डिजिटॅलिस चिकटते, तेथे पोटॅशियम त्याला अटकाव करते. पोटॅशियम घटले की डिजिटॅलिसची नेहमीची मात्राही विषासमान ठरू शकते. दोन उपकारक औषधे एकत्र आली आणि धोका वाढला.

७/ हा धोका वेळीच ओळखता येऊ लागला तो फ्लेम फोटोमीटरमुळे. १९४० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून रुग्णालयांत सोडियम-पोटॅशियमचे मापन सुलभ होत गेले. पुढे अल्डोस्टेरॉनला रोखून पोटॅशियम राखणारे स्पायरोनोलॅक्टोन आले. त्याच्याबाबत भीती उलटी, पोटॅशियम वाढण्याची. आजही मूत्रल गोळी सुरू करताना डॉक्टर रक्ततपासणी सांगतात, ती याच इतिहासामुळे.