संवेदनशील त्वचेसाठी पहिला सेफ्टी रेझर कसा निवडावा?

दाढी केल्यावर थोड्याच वेळात गळ्याची आग व्हायला लागते, संध्याकाळपर्यंत लाल पुरळ येतं आणि दोन-तीन दिवसांनी काही पुळ्यांमध्ये आत वळलेला केस दिसतो. अशी तक्रार असली की हल्ली एक सल्ला हमखास मिळतो: "कार्ट्रिज सोड, सेफ्टी रेझर घे." सल्ला चुकीचा नाही, पण अर्धवट आहे. सेफ्टी रेझरमध्येही सौम्य आणि आक्रमक असे प्रकार असतात. नाजूक त्वचेसाठी चुकीचा प्रकार घेतला तर त्रास कमी होण्याऐवजी वाढतो. म्हणून विकत घेण्याआधी नेमकं काय बघायचं, ते समजून घेऊया.

सेफ्टी रेझर म्हणजे काय?

वस्तऱ्याचं पातं पूर्ण उघडं असतं. सेफ्टी रेझरमध्ये दोन्ही बाजूंनी धार असलेलं पातळ ब्लेड वरच्या आणि खालच्या प्लेटमध्ये दाबून बसतं आणि धारेचा फक्त बारीकसा भाग बाहेर राहतो. किंग कॅम्प जिलेट यांचा असा रेझर १९०३ मध्ये अमेरिकेत विक्रीला आला आणि १९०४ मध्ये त्याला पेटंट मिळालं. आपल्याकडे आजोबांच्या दाढीच्या सामानात असायचा, तो हाच.

या ब्लेडचा आकार ठरलेला आहे. त्यामुळे कोणत्याही कंपनीचं दुधारी ब्लेड जवळपास कोणत्याही दुधारी रेझरमध्ये बसतं. म्हणजे रेझर आणि ब्लेड हे दोन वेगळे निर्णय आहेत.

नाजूक त्वचेला याचा फायदा का होतो?

तीन किंवा पाच पात्यांच्या कार्ट्रिजमध्ये पहिलं पातं केस किंचित ओढून वर आणतं आणि तो मागे जायच्या आत पुढचं पातं त्याला कापतं. उरलेलं टोक त्वचेच्या पातळीच्या खाली जातं. दाढी एकदम गुळगुळीत होते, पण केस कुरळे असतील तर वाढताना ते टोक आतल्या आत टोचतं आणि पुळी येते. शिवाय एकदा हात फिरवला तरी त्वचेवरून पाच पाती जातात.

सेफ्टी रेझरमध्ये एका वेळी एकच धार फिरते, त्यामुळे घर्षण कमी होतं. मात्र हा फायदा रेझर सौम्य असेल आणि हात हलका असेल, तरच मिळतो.

निवडताना या गोष्टी बघा

१. ब्लेड गॅप: ब्लेडची धार आणि खालच्या प्लेटची कड यांच्यातलं अंतर म्हणजे गॅप. साधारण ०.५ ते ०.७ मिलिमीटर गॅप असलेले रेझर सौम्य समजले जातात. एक मिलिमीटरच्या पुढे गेलेला रेझर पहिल्यांदा घेऊ नका.

२. ब्लेडचा उघडेपणा: फक्त गॅपच्या आकड्यावर जाऊ नका. धार दोन्ही प्लेटच्या कडांपेक्षा किती बाहेर आली आहे, हेही तितकंच महत्त्वाचं आहे. धार कडांच्या रेषेत किंवा किंचित आत असेल तर रेझर सौम्य. बाहेर आलेली असेल तर तो जास्त कापतो आणि हाताची छोटी चूकही माफ करत नाही.

३. सलग पट्टी की दाते: खालच्या प्लेटची कड सलग असेल तर ती त्वचा थोडी दाबून सपाट ठेवते. कंगव्यासारखे दाते असतील तर वाढलेली दाढी सहज निघते, पण असे रेझर बरेचदा आक्रमक असतात. पहिला रेझर सलग पट्टीचाच घ्या.

४. वजन आणि पकड: थोडा जड रेझर नवशिक्याला सोयीचा, कारण त्याच्या वजनानेच काम होतं आणि दाबायचा मोह टळतो. मुठीवर खाचा हव्यात, नाहीतर साबणाच्या हातातून रेझर घसरतो.

५. धातू: बरेच रेझर जस्ताच्या मिश्रधातूचे असतात आणि वर क्रोमचा मुलामा असतो. या मुलाम्याखाली अनेकदा निकेलचा थर असतो. घड्याळाच्या पट्ट्याने किंवा खोट्या दागिन्यांनी तुम्हाला खाज येत असेल, तर निकेलची ॲलर्जी असू शकते. अशांनी मुलामा उडालेला जुना रेझर वापरू नये.

घरी करायची सोपी तपासणी

स्वस्त रेझरच्या खोक्यावर हे आकडे बहुधा नसतात. अशा वेळी ब्लेड बसवा, रेझर डोळ्यांच्या रेषेत आडवा धरा आणि उजेडात दोन्ही बाजू बघा. धार दोन्हीकडे सारखीच बाहेर दिसली पाहिजे. एका बाजूला जास्त आणि दुसऱ्या बाजूला कमी दिसत असेल तर ब्लेड काढून पुन्हा बसवा. तरीही फरक राहिला तर तो रेझर परत करा. एका गालाला ठीक आणि दुसऱ्याला जखमा, असा अनुभव अशाच रेझरमुळे येतो.

ओळखीची काही मॉडेल्स

मर्कुर ३४ सी, एडविन जॅगर डीई ८९, म्यूले आर ८९ आणि फेदर एएस-डी २ हे सौम्य बाजूचे रेझर म्हणून ओळखले जातात. यातला फेदर फारच सौम्य आहे, त्यामुळे दाट आणि जाड दाढीला तो कमी पडू शकतो. उलट म्यूलेचाच आर ४१ दातेरी आणि बराच आक्रमक आहे. म्हणजे नुसतं कंपनीचं नाव बघून चालत नाही, मॉडेल नीट वाचा. गॅप कमी-जास्त करता येणारे रेझरही मिळतात, पण ते महाग असतात आणि सुरुवातीला त्यांची गरज नसते. घेतलाच तर सगळ्यात कमी आकड्यावर सुरू करा.

ब्लेडचं काय?

ब्लेड जितकं कमी धारदार तितकं सुरक्षित, हा गैरसमज आहे. बोथट ब्लेड केस ओढतं, मग आपण दाबतो आणि तिथेच आग होते. दुसरीकडे फेदरसारखं अतिशय धारदार ब्लेड नवख्या हाताला जड जातं. त्यामुळे मधल्या धारेचं ब्लेड घ्या. दोन-तीन कंपन्यांची छोटी पाकिटं आणून बघा, ती काही फार महाग नसतात. तीन ते पाच दाढ्यांनंतर ब्लेड बदला. धार कापडाने पुसू नका, नुसती पाण्याखाली धुवा.

एका वेळी एकच गोष्ट बदला. रेझर, ब्लेड आणि साबण तिन्ही एकदम बदलले तर आग कशामुळे झाली ते कळणार नाही.

पहिले तीन-चार आठवडे असं करा

• अंघोळीनंतर दाढी करा आणि फेस एक-दोन मिनिटं राहू द्या. बोअरच्या जड पाण्यात साबणाचा फेस नीट होत नाही, तेव्हा फेस करायला गाळलेलं मऊ पाणी मिळालं तर बघा.
• दाढीचे केस कुठल्या दिशेने वाढतात ते बोटाने तपासा. मानेवर ते बरेचदा आडवे असतात.
• रेझर त्वचेशी साधारण ३० अंशात धरा, अजिबात दाबू नका आणि छोटे छोटे हात मारा.
• फक्त केसांच्या दिशेने, एकदाच फिरवा. उलटा हात सध्या विसरा. खुंट थोडे राहिले तरी चालतील.
• नंतर गार पाणी आणि बिनवासाचं मॉइश्चरायझर लावा. तुरटी रक्त थांबवायला चांगली, पण रोज चोळली तर नाजूक त्वचा कोरडी पडते. ज्यात अल्कोहोल जास्त असतं ते आफ्टरशेव्ह टाळा.

सेफ्टी रेझर कधी घेऊ नये?

गळ्यावर सतत पू असलेल्या पुळ्या येत असतील, गजकर्ण किंवा एक्झिमा असेल, किंवा जखमेनंतर जाड वण उठत असतील, तर आधी त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर डॉक्टरांना विचारूनच ठरवा. केस खूप कुरळे असतील तर एक धारही जास्त जवळून कापू शकते. अशांना थोडे खुंट ठेवणारा ट्रिमर जास्त सुखाचा पडतो.

दोन व्यवहारी गोष्टी

विमानप्रवासात ब्लेड हातातल्या बॅगेत चालत नाहीत, ती चेक-इन सामानात ठेवा. आणि वापरलेलं ब्लेड कागदात गुंडाळून कचऱ्यात टाकू नका, कारण कचरा वेगळा करणाऱ्यांचे हात त्याने कापतात. एखाद्या पत्र्याच्या डबीच्या झाकणाला चीर पाडा, वापरलेली ब्लेड त्यात टाकत जा आणि डबी भरली की घट्ट बंद करून, वर ठळक अक्षरांत "ब्लेड" लिहून वेगळी द्या.

थोडक्यात

सलग पट्टी, कमी गॅप, कडेच्या रेषेत धार, थोडं वजन आणि मधल्या धारेचं ब्लेड, इतकं जमलं की पहिल्या रेझरची निवड सहसा चुकत नाही. महिनाभर हलक्या हाताने वापरूनही आग कमी झाली नाही, तर आणखी महागडा रेझर घेण्याआधी त्वचा डॉक्टरांना दाखवा.