हूड, पाणी आणि मामूंची बादली

पिंपळगाव बसवंतला मुंबई-आग्रा रस्त्याच्या कडेला माझ्या मामूंचं जीपचे हूड शिवायचं दुकान होतं. जाड कॅनव्हास, मेण चोळलेला दोरा आणि दाभण. हूड शिवून झाला की मामू त्याची चार टोकं बांधून झोळी करायचे आणि तीत बादलीभर पाणी ओतून रात्रभर ठेवायचे. आम्हा पोरांना ताकीद एकच, खालून बोट लावायचं नाही. भिजलेल्या कॅनव्हासला आतून हात लागला की नेमकं तिथूनच ठिबकू लागतं.

जीप ही १९४१ ची युद्धातली गाडी. पाणी आत येणार हे गृहीतच होतं. स्वातंत्र्यानंतर महिंद्रा कंपनी मुंबईत विलीज जीपची जुळणी करू लागली. १९४५ साली लुधियान्यात निघाली तेव्हा ही कंपनी पोलादाचा व्यापार करायची आणि तिचं नाव होतं महिंद्रा अँड मोहम्मद. भागीदार मलिक गुलाम मोहम्मद फाळणीनंतर पाकिस्तानात गेले, तिथले पहिले अर्थमंत्री आणि पुढे गव्हर्नर जनरल झाले. १९४८ साली इथल्या पाटीवरचं मोहम्मद गेलं, अद्याक्षरं तेवढी तीच राहिली. १९५४ साली आपल्याच देशाची घटना समिती बरखास्त करणाऱ्या माणसाचा मला काही अभिमान नाही. पण 'तुमचे लोक तिकडे गेले' असं कुणी म्हणालं, की मला त्याच कंपनीच्या जीपला इथे बसून हूड शिवणारे मामू आठवतात.

पोलादी टपाने हूडवाल्यांचा धंदा बसवला. अमेरिकेतही बंद गाड्यांच्या टपाच्या मधोमध कापडच असे. जनरल मोटर्सने १९३५ च्या गाड्यांना अखंड पोलादी टप दिला. तरी दारं, काचा आणि रबर उरलेच. म्हणून आज कारखान्यात तयार गाडीवर चहूबाजूंनी फवारे सोडतात आणि मग आत ओल शोधतात. २००२ साली आलेली स्कॉर्पिओ तर आमच्या नाशिकचीच.

मामूंचा मुलगा आता गॅरेज चालवतो. ओली गाडी आली की तो आधी विचारतो, "पाऊस नसताना, नुसता एसी लावला तरी ओल येते का?" येत असेल तर एसीची नळी तुंबलेली. नाहीतर एक पोरगा बॅटरी घेऊन आत बसतो आणि हा बाहेरून पाण्याचा पाइप धरतो, खालून सुरुवात करून हळूहळू वर. आधीच टपावर पाणी सोडलं तर ते ओघळत सगळीकडे जातं आणि शिरलं कुठून ते कळत नाही.

परवा एकाची गाडी आली. दुसरीकडे चारही दारांचं रबर नवं घालून झालेलं, तरी डावीकडचं पायपुसणं चिंब. पाइप दारांवरून वर सरकला, आतून पोरगा "कोरडं, कोरडं" ओरडत होता. पुढच्या काचेच्या खाली पाइप धरला तेव्हा ओरडला, "भाई, आलं!" वायपरखालची जाळी काढली. पाणी जायच्या भोकात कडुनिंबाचा पाला कुजून बसला होता.

भावाने तो बोटाने उपसला आणि पाच मिनिटांचीच मजुरी लावली.