पदवीच्या कागदावरचं गाव

आमच्या अमळनेरच्या घरात लोखंडी कपाटात एक प्लास्टिकची पिशवी आहे. तिच्यात घरातल्या चार जणांच्या पदव्या आहेत. आबांची १९६६ ची, पप्पांची १९९२ ची, माझी २०१७ ची आणि बहिणीची २०२१ ची. चौघंही शिकलो ते खानदेशातच, पण चार कागदांवर विद्यापीठाची नावं तीन.

हे माझ्या लक्षात आलं ते एका मुलाखतीनंतर. पुण्यात पहिल्या नोकरीसाठी गेलो होतो. समोरच्यानं बायोडेटा बघून विचारलं, "हे विद्यापीठ नेमकं कुठे?" मी म्हटलं, "जळगावला." "म्हणजे विदर्भात ना?" मी "हो, त्याच बाजूला" म्हणून मोकळा झालो. नोकरी मिळाली, पण ते "हो" मला आजही टोचतं.

म्हणून ही पिशवी नीट उघडून बघू.

आबांचं कॉलेज अमळनेरचं प्रताप कॉलेज. ते सुरू झालं १९४५ साली, गिरणीमालक प्रताप शेठ यांच्या नावानं. त्याच सुमारास जळगावात मूळजी जेठा कॉलेज निघालं. तोपर्यंत खानदेशातल्या बहुतेक पोरांना मॅट्रिकनंतर मुंबई-पुण्याची वाट धरावी लागे. ज्याला परवडत नसे, त्याचं शिक्षण मॅट्रिकलाच थांबे.

पण अमळनेरला शिक्षणाची हवा त्याआधीपासून होती. १९१६ पासून इथे तत्त्वज्ञान मंदिर आहे. तत्त्वज्ञान शिकायला म्हणून साने गुरुजी इथे आले आणि १९२४ ते १९३० प्रताप हायस्कूलमध्ये मास्तर झाले. वसतिगृहातल्या मुलांसाठी ते रोज हातानं दैनिक लिहून काढत. आमच्या गावातलं हॉस्टेल लाइफ इतकं जुनं आहे!

आणि आयटीवाल्यांसाठी एक गोष्ट. ज्या १९४५ साली प्रताप कॉलेज सुरू झालं, त्याच वर्षाच्या डिसेंबरात याच गावात वनस्पती तूप बनवणारी एक कंपनी नोंदवली गेली. तिचं आजचं नाव विप्रो. मुलाखतीत मला हे आठवायला हवं होतं.

कॉलेज गावात आलं, तरी विद्यापीठ लांबच राहिलं. आधी मुंबई. मग १९४८ च्या कायद्यानं पुणे विद्यापीठ झालं आणि खानदेश त्याला जोडला गेला. आबांनी वर्ग अमळनेरला केले, पण पदवी पुण्याची. बसमध्ये त्यांच्याकडून एक दाखला हरवला, तेव्हा दुसरी प्रत काढायला ते पुण्याला गेले. अमळनेरहून जळगाव, मग मनमाड, दौंड आणि पुणे. "कागद एक, खर्च महिनाभराचा," असं ते सांगायचे. १९६३ मध्ये नेमाड्यांची 'कोसला' आली. तिच्यातला पांडुरंग सांगवीकर खानदेशातून पुण्याला शिकायला जातो. आबा तेव्हा विद्यार्थीच होते. गंमत अशी, की पुण्याला न जाताही आबा पुण्याचेच पदवीधर झाले.

१५ ऑगस्ट १९९० ला जळगावात उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ स्थापन झालं. आपलं उमवि. पप्पा धुळ्यात बी.कॉम. करत होते. नवीन विद्यापीठाच्या पदवीला नोकरीत कोण विचारणार, अशी धाकधूक त्यांच्या मित्रांत होती. पण फॉर्म असो की दाखला, आता सकाळच्या एसटीनं जाऊन संध्याकाळी घरी येता यायचं. धुळ्याच्या शेतकऱ्याच्या पोराला याची किंमत कळत होती. पंचवीस वर्षांनी मी याच विद्यापीठाचा इंजिनिअर झालो.

ऑगस्ट २०१८ मध्ये विद्यापीठाच्या नावाआधी 'कवयित्री बहिणाबाई चौधरी' हे नाव लागलं. आमच्या ग्रुपवर लगेच 'कबचौउमवि'चे मीम फिरले. मीही दोन पुढे ढकलले.

मग २०२१ ला बहिणीची बी.एस्सी. झाली, तीही आबांच्याच प्रताप कॉलेजातून. पुढे पदवीचा कागद घरी आला. आजीनं तो हातात घेतला. आजीला अक्षरओळख नाही. पिशवीत तिच्या नावाचा एकही कागद नाही. ती म्हणाली, "यामा काय लिखेल शे?"

बहीण वाचत गेली आणि बहिणाबाईंच्या नावाशी आजीनं तिला थांबवलं. "ती बाई शाळामा गयथी का?"

नाही गेली. १८८० मध्ये आसोद्याला जन्मलेल्या बहिणाबाईंना लिहिता-वाचता येत नव्हतं. त्या शेतात, घरात, जात्यावर ओव्या रचत आणि मुलगा सोपानदेव व इतर जण त्या उतरवून घेत. १९५१ मध्ये त्या गेल्या. पुढच्या वर्षी आचार्य अत्र्यांच्या पुढाकारानं पुस्तक आलं. त्यांची बोली लेवा, आमच्या आजीची अहिराणी. पण दोघींची माती एकच.

"मंग तिनं नाव कागदवर कसं उनं?" आजीनं विचारलं.

बहिणीनं तिला समजावलं. मी मात्र गप्प बसलो. आबांच्या कागदावर पुणे होतं, पप्पांच्या आणि माझ्या कागदावर उत्तर महाराष्ट्र, म्हणजे फक्त एक दिशा. बहिणीच्या कागदावर पहिल्यांदा आमच्या मातीतलं माणूस आलं. तेही आजीसारखं, एकही इयत्ता न शिकलेलं. आणि मी त्यावर मीम फिरवले होते.

आता पुण्यात कुणी विचारलं, तर मी जळगाव खानदेशात आहे असं सांगतो. वेळ असेल तर अमळनेरच्या त्या तुपाच्या कंपनीपासून सुरुवात करतो.