शोभेचा पंख, कामाचा पंख: दिल्ली परिसरातील मोटारींच्या वायुगतिकीय सुट्या भागांचा इतिहास

प्रस्तावना

दिल्ली आणि तिच्या भोवतालची गुरुग्राम, नोएडा, ग्रेटर नोएडा, फरीदाबाद, गाझियाबाद ही शहरे मिळून जो राजधानी परिसर तयार होतो, तेथे डिकीवर पंख बसवलेली गाडी दिसणे आता नवलाचे राहिलेले नाही. काही गाड्यांना पुढच्या बंपरखाली जमिनीलगत सपाट पाते असते, त्याला स्प्लिटर म्हणतात. मागच्या बंपरखाली उभ्या पट्ट्यांचा डिफ्यूझर असतो. गाडी कारखान्यातून बाहेर पडल्यावर मालकाने बाजारातून आणून बसवलेले हे भाग आहेत.

या भागांचा जगभरचा इतिहास शर्यतीच्या ट्रॅकवर सुरू झाला आणि तेथून रस्त्यावर आला. दिल्ली परिसरात क्रम उलटा झाला. पंख आधी बाजारात आला, ज्या ट्रॅकवर त्याचा उपयोग व्हावा तो ट्रॅक नंतर आला, आणि या दोहोंना सामावून घेणारा नियम अजून पुरता आलेला नाही. या उलट्या क्रमाचे परिणाम काय झाले, हे प्रस्तुत पाठात पाहू.

1. पंख काय काम करतो?

विमानाचा पंख हवेच्या साहाय्याने विमानाला वर उचलतो. तोच पंख उलटा बसवला, तर तो वाहनाला खाली दाबतो. या दाबणाऱ्या बलाला डाउनफोर्स म्हणतात. चाके रस्त्यावर जितकी जोराने दाबली जातात, तितकी टायरची पकड वाढते आणि वळण अधिक वेगाने घेता येते. मोबदल्यात हवेचा विरोधही वाढतो, त्यामुळे सरळ रस्त्यावरचा कमाल वेग थोडा कमी होतो.

पंख आणि स्पॉयलर हे शब्द बाजारात एकाच अर्थाने वापरले जातात, पण त्यांत फरक आहे. स्पॉयलर गाडीच्या पत्र्याला चिकटलेला असतो आणि पत्र्यावरून वाहणाऱ्या हवेची वाट बदलून गाडीचे वर उचलले जाणे कमी करतो. पंख खांबांवर उभा असतो, त्याच्या वरून आणि खालून अशी दोन्हीकडून हवा वाहते.

डाउनफोर्स वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. एक साधे उदाहरण घेऊ. पंखाचे क्षेत्रफळ 0.3 चौरस मीटर, त्याचा गुणांक 1 आणि हवेची घनता दर घनमीटरला 1.2 किलोग्रॅम धरू. ताशी 60 किलोमीटर वेगाला हा पंख सुमारे 50 न्यूटन बल देतो, म्हणजे डिकीवर 5 किलोची पिशवी ठेवल्याइतके. ताशी 120 ला हे बल 200 न्यूटन होते, ताशी 240 ला 800 न्यूटन, म्हणजे सुमारे 80 किलो. शहरातल्या वाहतुकीत जो पंख जवळजवळ निरुपयोगी असतो, तोच ट्रॅकवर एका माणसाच्या वजनाइतका भार देतो.

हा भार कोठे पडतो, हेही महत्त्वाचे आहे. गाडीच्या दोन आसांतील अंतर 2.5 मीटर आहे आणि पंख मागच्या आसाच्या अर्धा मीटर मागे आहे, असे समजा. तरफेच्या नियमाने 80 किलोच्या दाबामुळे मागच्या चाकांवरचा भार 96 किलोने वाढतो आणि पुढच्या चाकांवरचा 16 किलोने घटतो. पुढच्या बाजूला काहीच न करता फक्त मागे मोठा पंख लावला, तर स्टिअरिंग फिरवूनही गाडीचे नाक वळणाबाहेर सरकू लागते. म्हणून स्प्लिटर आणि पंख यांचा विचार जोडीने करावा लागतो.

2. ट्रॅकवर शिकलेले धडे

1928 साली जर्मनीत फ्रिट्झ फॉन ओपेल यांनी बर्लिनच्या आव्हुस ट्रॅकवर रॉकेटवर चालणारी ‘राक 2’ ही गाडी ताशी सुमारे 238 किलोमीटर वेगाने चालवली. ती जमिनीवरच राहावी म्हणून तिच्या दोन्ही बाजूंना उलटे पंख होते. 1956 मध्ये मिखाएल माय या तरुण स्विस अभियंत्याने नुर्बुर्गरिंगच्या शर्यतीसाठी पोर्शे 550 वर चालकाच्या डोक्यावर पंख उभारला, पण आयोजकांनी त्याला परवानगी दिली नाही. त्यानंतर दहा वर्षांनी, 1966 मध्ये, अमेरिकेत जिम हॉल यांच्या ‘चॅपरल 2ई’ने उंच खांबांवरचा पंख शर्यतीत यशस्वीपणे वापरला. 1968 मध्ये तो फॉर्म्युला वनमध्ये पोहोचला.

पुढच्याच वर्षी त्याची दुसरी बाजू दिसली. 4 मे 1969 रोजी बार्सिलोनातील मोंज्विक पार्क येथे झालेल्या स्पॅनिश ग्रां प्रीमध्ये ग्रॅहॅम हिल आणि योखेन रिंट या लोटस संघाच्या दोन्ही चालकांच्या गाड्यांचे उंच पंख भर वेगात मोडले आणि दोन्ही गाड्या आदळल्या. रिंट जखमी झाला. दोनच आठवड्यांनी मोनॅको येथे सराव सुरू असतानाच उंच पंखांवर बंदी आली. पंखांचे आकारमान, उंची आणि जागा यांविषयीचे नियम तेथून घडत गेले.

रस्त्यावर चालणाऱ्या गाड्यांत या विद्येचा प्रसिद्ध अवतार म्हणजे पोर्शेची 1973 सालची ‘911 कॅरेरा आरएस 2.7’. तिच्या मागच्या झाकणावरच्या छोट्या उठावाला बदकाची शेपटी असे नाव पडले. शर्यतीत मान्यता मिळवायची तर तशाच गाड्या ठरावीक संख्येने ग्राहकांना विकाव्या लागत. म्हणून हा भाग रस्त्यावर आला तो आधी तपासला जाऊनच. ट्रॅक, अपघात, नियम आणि मग बाजार, असा हा क्रम होता.

3. करोल बागेतला पंख

दिल्लीची गोष्ट बाजारापासून सुरू होते. 14 डिसेंबर 1983 रोजी गुरगावच्या कारखान्यातून पहिल्या मारुती 800 गाड्या ग्राहकांच्या हाती गेल्या आणि दिल्लीच्या मध्यमवर्गाला स्वतःच्या गाडीचे स्वप्न परवडू लागले. 1990 च्या दशकात झेन आणि एस्टीम आल्या. दशकाच्या अखेरीस ग्रेटर नोएडाच्या कारखान्यातून होंडा सिटी बाहेर पडू लागली. एकाच रंगाच्या, एकाच घडणीच्या हजारो गाड्यांत आपली गाडी वेगळी दिसावी, ही इच्छा स्वाभाविक होती. काश्मिरी गेट सुट्या भागांसाठी, मायापुरी भंगारातून निघालेल्या मालासाठी आणि करोल बाग गाडी सजवण्याच्या सामानासाठी प्रसिद्ध होतेच. सीट कव्हर, म्युझिक सिस्टिम आणि अलॉय व्हील यांच्या रांगेत फायबरचा स्पॉयलरही येऊन बसला.

या पंखाची परीक्षा डोळ्यांनी होत असे. तो गाडीच्या रंगाशी जुळतो का आणि लांबून दिसतो का, हे पाहिले जाई. वेगाचा प्रश्न उद्भवत नव्हता, कारण देशातील शर्यतीचे कायमस्वरूपी ट्रॅक दूर तमिळनाडूत होते. मद्रासजवळच्या शोलावरमच्या जुन्या धावपट्टीवर वर्षानुवर्षे शर्यती झाल्या, 1990 मध्ये इरुंगट्टुकोट्टई येथे ट्रॅक तयार झाला आणि पुढे कोइंबतूरला करी मोटर स्पीडवे आला. दिल्लीच्या हौशी चालकाला तिकडे गाडी नेणे सोपे नव्हते.

शिवाय मारुती 800, झेन, एस्टीम आणि सिटी या सर्व गाड्यांत इंजिनाची ताकद पुढच्या चाकांना मिळते. ओढणारी आणि वळवणारी चाके तीच. मागच्या पंखाने खरोखरच भार दिला असता, तर वर पाहिल्याप्रमाणे याच चाकांवरचा भार कमी झाला असता. पंख निरुपद्रवी ठरला तो मुख्यतः वेग कमी असल्यामुळे. तरीही या काळाला हसण्याचे कारण नाही. फायबर ओतणारे, घासणारे आणि रंगवणारे कारागीर याच बाजारात तयार झाले.

4. 2011: ट्रॅक आला

जेपी समूहाने ग्रेटर नोएडा येथे बांधलेल्या बुद्ध इंटरनॅशनल सर्किटवर 30 ऑक्टोबर 2011 रोजी पहिली भारतीय ग्रां प्री झाली. हर्मन टिल्के यांनी आखलेल्या या ट्रॅकची लांबी 5.125 किलोमीटर असून त्यावर 16 वळणे आहेत. त्यातील लांब सरळ पट्टा एक किलोमीटरहून थोडा अधिक आहे. 2011, 2012 आणि 2013 या तिन्ही शर्यती सेबास्टियन फेटेल यांनी जिंकल्या. करांच्या वादामुळे नंतर फॉर्म्युला वन भारतात परतली नाही.

आपल्या विषयाच्या दृष्टीने मात्र त्या तीन रविवारांपेक्षा नंतरचे साधे दिवस महत्त्वाचे ठरले. राष्ट्रीय अजिंक्यपद शर्यतींबरोबरच येथे ‘ट्रॅक डे’ होऊ लागले, म्हणजे ठरावीक शुल्क भरून स्वतःची गाडी ट्रॅकवर चालवण्याचे दिवस. ताकदवान स्पोर्ट्स कार येथील सरळ पट्ट्यावर ताशी 240 किलोमीटरपर्यंत पोहोचू शकते. करोल बागेत केवळ दिसण्यासाठी असलेला पंख येथे 80 किलोचा झाला. आता त्याची परीक्षा स्टॉपवॉचने होऊ लागली.

या बदलाने जुन्या कामातल्या उणिवा उघड केल्या. डिकीचा पातळ पत्रा पाच किलो पेलतो, ऐंशी किलोला तो वाकतो. म्हणून पंखाचे खांब आतून पट्ट्या देऊन किंवा थेट सांगाड्याला जोडावे लागतात. चिकटपट्टीवर बसवलेला भाग ट्रॅकवर सुटला, तर मागून येणाऱ्या चालकाच्या जिवावर बेतू शकते. मोंज्विकचा धडा येथे पुन्हा लागू पडतो.

स्थानिक हवामानाचाही हिशेब आहे. हवेचा दाब सारखा धरला, तर 45 अंश सेल्सिअसला हवेची घनता 5 अंशांपेक्षा सुमारे एक अष्टमांशाने कमी असते. डिसेंबरच्या थंडीत जुळवलेला पंख मे महिन्यात त्याच वेगाला तितकाच कमी भार देतो. स्प्लिटर जमिनीच्या जितका जवळ, तितका परिणामकारक. पण ट्रॅकपर्यंत पोहोचायचे ते गतिरोधकांवरून आणि बेसमेंटच्या चढांवरून.

या काळात पंखाचा खरा अभ्यास विद्यार्थ्यांनीही केला. अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांनी छोटी शर्यतीची गाडी स्वतः बांधायची, अशी ‘सुप्रा एसएईइंडिया’ ही स्पर्धा 2011 मध्ये सुरू झाली आणि पुढे काही वर्षे बुद्ध सर्किटवर भरली. महाराष्ट्रातील महाविद्यालयांचे संघही तेथे गेले. अशा संघांना वारा-बोगदा सहज मिळत नाही, पण गाडीच्या अंगावर लोकरीचे तुकडे चिकटवून हवेची दिशा पाहता येते. त्याच दिवशी, त्याच चालकाने, त्याच टायरवर पंखासह, पंखाविना आणि पुन्हा पंखासह फेऱ्या मारल्या, तर फरक पंखाचा की चालकाच्या सरावाचा, हे कळते. बाजारातला भाग विकत घेणाऱ्यालाही हीच पद्धत वापरता येते.

5. कायद्याच्या नजरेतली गाडी

मोटार वाहन कायदा, 1988 च्या कलम 52 नुसार, नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील उत्पादकाने मुळात ठरवलेल्या तपशिलांपेक्षा वेगळे होतील असा बदल मालकाला करता येत नाही. 9 जानेवारी 2019 रोजी सर्वोच्च न्यायालयाने केरळमधील एका प्रकरणात हीच भूमिका ठामपणे मांडली. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम 182अ नुसार परवानगी नसलेल्या बदलासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे 5,000 रुपये दंड, किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. नोंदणी प्रमाणपत्रात बांधणीचा प्रकार, रंग, रिकाम्या गाडीचे वजन असे तपशील असतात. बोल्टने बसवलेला पंख त्यात नेमका कोठे बसतो, हा अर्थ लावण्याचा प्रश्न उरतो.

गुरुग्रामहून दिल्लीमार्गे ग्रेटर नोएडाला जाणारी गाडी हरियाणा, दिल्ली आणि उत्तर प्रदेश अशा तीन हद्दींतून जाते. कायदा केंद्राचा एकच असला, तरी रस्त्यावर अर्थ लावणारे अधिकारी तीन ठिकाणचे. त्यामुळे सावध मालकापुढे दोनच मार्ग राहतात: गाडी ट्रकवर लादून नेणे, किंवा पंख सोबत नेऊन तो ट्रॅकवरच बसवणे व निघताना उतरवणे.

कायद्याच्या कठोरपणामागे कारण आहे. जमिनीलगतचे धारदार पाते पादचाऱ्याच्या पायाला घातक असते. डिसेंबर 2017 मध्ये गाड्यांच्या पुढच्या लोखंडी गार्डविरुद्ध केंद्राने राज्यांना कारवाईस सांगितले, तेही पादचारी आणि प्रवासी यांच्या सुरक्षेसाठीच. पण जर्मनीत सुट्या भागाची टीयूव्हीसारख्या संस्थेकडून तपासणी होते आणि योग्य ठरलेल्या भागाला कागदोपत्री मान्यता मिळते. भारतात पुण्याची एआरएआय आणि दिल्ली परिसरातच मानेसर येथील आयकॅट या सक्षम चाचणी संस्था आहेत, पण त्यांचे मुख्य काम उत्पादकांच्या वाहनांना मान्यता देण्याचे आहे. भारतीय मोटर स्पोर्ट्स क्लब महासंघाच्या शर्यतींत गाड्यांची तांत्रिक तपासणी होते. एकीकडे नोंदणीकृत गाडी, दुसरीकडे शर्यतीची गाडी. आठवडाभर कामावर नेणारी आणि रविवारी ट्रॅकवर धावणारी गाडी या दोन्हींच्या मध्ये अडकते.

समारोप

तोच पंख ताशी 60 ला दागिना असतो आणि ताशी 240 ला यंत्राचा भाग. युरोपात हा फरक अपघातांतून कळला आणि नियमांत उतरला. दिल्ली परिसरात कारागिरी आहे, ट्रॅक बांधला गेला, चाचणी संस्था आहेत आणि शिकलेले विद्यार्थीही आहेत. त्यांना जोडणारी तपासणीची व्यवस्था नाही. ती नसल्यामुळे काळजीपूर्वक बसवलेला पंख आणि चिकटपट्टीवरचा पंख कायद्याला सारखेच दिसतात, आणि ग्राहकालाही. ती व्यवस्था एखाद्या अपघातानंतर यावी की आधी, हा या इतिहासाने आपल्यापुढे ठेवलेला प्रश्न आहे.

स्वाध्याय

1. वेग ताशी 80 वरून 160 किलोमीटर झाला, तर डाउनफोर्स किती पट होईल? कारण द्या.
2. 1969 च्या स्पॅनिश ग्रां प्रीनंतर नियम का बदलले?
3. पुढच्या चाकांना ताकद मिळणाऱ्या गाडीवर फक्त मागचा पंख बसवण्याचे परिणाम स्पष्ट करा.
4. ट्रॅकवर वापरायच्या सुट्या भागांसाठी वेगळी मान्यता असावी का? पादचारी, मालक आणि कारागीर या तिघांच्या बाजूने विचार करून लिहा.